मांडणे आणि आवरणे

लग्न झाले की आपल्याकडे संसार 'मांडतात'. रोज सकाळी घर 'आवरतात'. आणि वयाने थकलेल्या माणसाबद्दल बोलताना 'त्यांनी आता पसारा आवरता घेतला आहे,' असे म्हणतात. मांडणे आणि आवरणे या दोन क्रियापदांत मराठी माणसाचे सगळे घर येऊन जाते. यातल्या मांडण्याचा इतिहास पुष्कळांनी लिहून ठेवला आहे. महालातली झुंबरे, गालिचे, आरसे, नक्षीदार खांब यांची वर्णने आपण शाळेपासून वाचत आलो. आवरण्याचा इतिहास मात्र फारसा कुणी सांगत नाही. आज तो थोडासा सांगावा, असा विचार आहे.

निमित्त तसे रोजचेच आहे. अलीकडे कुणाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला किंवा दावतीला जावे, तर बैठकीच्या खोलीत पांढरी भिंत, एक लांबट सोफा, कोपऱ्यात कुंडी आणि बाकी सारे मोकळे. घरमालक कौतुकाने सांगतात, 'आम्ही सगळं मिनिमल ठेवलंय.' म्हणजे कमीत कमी. आणि मग हळूच कळते, की हे कमीत कमी करून घ्यायला जास्तीत जास्त पैसे लागले. ऐकणाऱ्याला गंमत वाटते. पण या गमतीच्या पोटात एक खरा प्रश्न आहे. रिकामी खोली माणसाला हवीशी कधी वाटू लागली? कुणाला वाटू लागली? आणि त्या खोलीतले सामान गेले कुठे? हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. बी.ए.पर्यंत शिकलेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण ओळीतून एखादा शब्द काढला तर काय उरते आणि काय हरवते, हे पाहण्याची सवय कवितेने लावली. त्याच सवयीने मी या खोल्यांकडे पाहतो.

सुरुवात जपानपासून करू. कारण रिकाम्या खोलीचे नाव काढले, की आज जगभर जपानचेच नाव निघते. सोळाव्या शतकात तिथे सेन नो रिक्यू नावाचा एक माणूस होऊन गेला. जन्म १५२२ चा, साकाई या बंदराच्या शहरातल्या व्यापारी घराण्यातला. चहा करणे आणि पाहुण्याला देणे ही त्याची कला. त्या काळात जपानमधले सरदार चहाच्या निमित्ताने एकमेकांना आपले वैभव दाखवत. रिक्यूने ते वैभव खोलीबाहेर काढले. क्योतोजवळ यामाझाकी इथे 'ताइआन' नावाची एक चहाची खोली आहे. ती त्याचीच समजली जाते. खोली केवढी? दोन चटयांची. जपानी चटई साधारण सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद असते. म्हणजे आपल्याकडच्या देवघराएवढी जागा. मातीच्या भिंती, लहानशा खिडक्या, एका बाजूला चित्राची गुंडाळी टांगण्यापुरता खोलगट कोनाडा. आत जायचे दार जेमतेम अडीच फुटांचे. कितीही मोठा सरदार असो, त्याने तलवार बाहेर ठेवायची आणि गुडघ्यांवर वाकून आत यायचे. त्या दारापाशी सगळे सारखे होत.

इथवर ऐकले की मन प्रसन्न होते. पण पुढची गोष्टही ऐकायला हवी. हा रिक्यू ज्याच्या पदरी होता, तो तोयोतोमी हिदेयोशी म्हणजे त्या वेळचा जपानचा सर्वसत्ताधीश. या हिदेयोशीने स्वतःसाठी सोन्याची चहाची खोली करून घेतली होती. भिंती सोन्याच्या पत्र्याने मढवलेल्या, भांडी सोन्याची. ती सुटी करून कुठेही नेता येई. १५८६ मध्ये ती क्योतोच्या राजवाड्यात नेऊन त्याने सम्राटाला चहा दिला. म्हणजे मातीची खोली आणि सोन्याची खोली या एकाच दरबारातल्या, एकाच काळातल्या. सर्वसत्ताधीशाला दोन्ही हव्या होत्या. पुढे १५९१ मध्ये त्याच हिदेयोशीने रिक्यूला स्वतःचे पोट चिरून मरण्याची आज्ञा केली. कारण काय, यावर इतिहासकारांचे आजही एकमत नाही. पण दारापाशी सगळे सारखे होतात हे त्या छोट्या खोलीपुरतेच खरे होते, एवढे त्यातून कळते.

आणखी एक गोष्ट. त्या चहाच्या खोलीत दिसणारे वाडगे साधे, वाकडेतिकडे, मातीचे. त्यांतले काही कोरियातून आलेले. तिकडे ते गोरगरिबांच्या रोजच्या वापरातले होते, असे परंपरेने मानले जाते. पण जपानी सरदारांच्या हाती ते आले आणि एकेका वाडग्याची किंमत आकाशाला भिडली. साधेपणा महाग होण्याची सुरुवात आपल्या काळातली नाही, ती इतकी जुनी आहे.

आणि सामान? जपानमधल्या संपन्न घरांच्या आवारात जाड भिंतींचे, आगीला दाद न देणारे एक वेगळे कोठार असे. त्याला 'कुरा' म्हणतात. लाकूड आणि कागदाच्या घरांना आग लागण्याची भीती कायमची. म्हणून चित्रे, भांडी, कपडे, कागदपत्रे सारे त्या कोठारात. घरात एका वेळी एकच चित्र टांगायचे. ऋतू बदलला, की ते कोठारात जाई आणि दुसरे बाहेर येई. पाहुण्याला दिसे ती मोकळी खोली. पण त्या मोकळ्या खोलीच्या पाठीशी एक भरलेले कोठार उभे होते. हे एकदा ध्यानात घेतले, की पुढचा सगळा इतिहास समजायला सोपा जातो.

आता युरोपात येऊ. तिथे रिकाम्या खोलीची ओढ फार उशिरा निर्माण झाली. कारण आधी खोल्या भरायच्या होत्या. १८५१ मध्ये लंडनला काचेच्या प्रचंड इमारतीत जगभरच्या वस्तूंचे प्रदर्शन भरले. साडेपाच महिन्यांत साठ लाखांच्या वर भेटी झाल्या. यंत्रांमुळे नक्षी स्वस्त झाली होती. जे कोरीव काम करायला सुताराला महिना लागे, तसे दिसणारे काम कारखाना झटपट ओतून देई. मग मध्यमवर्गाच्या बैठकीच्या खोलीत झालरीचे पडदे, पडद्यांवर पडदे, काचेच्या घुमटाखाली ठेवलेले पक्षी, प्रत्येक मेजावर विणलेला रुमाल आणि रुमालावर फुलदाणी अशी गर्दी झाली. ती गर्दी रोज पुसायला मोलकरीण असे. मोलकरणीच्या हातांवर ती खोली उभी होती. पुढे कारखान्यांत आणि कचेऱ्यांत कामे निघाली, तशा घरकामाला मुली मिळेनाशा झाल्या. मग ती नक्षी घरमालकिणीलाच जड होऊ लागली. रिकाम्या खोलीच्या आवडीमागे तत्त्वज्ञान असेलही. पण धूळ कोणी पुसायची, हा प्रश्नही होता.

अशा वेळी व्हिएन्ना शहरात अडॉल्फ लूस नावाचा वास्तुकार बोलू लागला. १८७० चा जन्म, तरुणपणी तीन वर्षे अमेरिकेत काढलेली. १९१० च्या सुमारास त्याने एक व्याख्यान दिले. त्याचे नावच मुळी 'नक्षी आणि गुन्हा' असे होते. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की वापराच्या वस्तूवर नक्षी काढणे म्हणजे कारागिराचे श्रम, पैसा आणि सामग्री वाया घालवणे. नक्षी नसेल तर कारागीर कमी तास काम करून तेवढेच कमावील. या म्हणण्यात कामगाराविषयी कळकळ होती, ती नाकारता येत नाही. त्याच सुमारास व्हिएन्नात राजवाड्याच्या समोरच्या चौकात त्याने एक इमारत उभी केली. वरचे मजले एकदम सपाट, खिडक्यांवर कसलीही महिरप नाही. शहरात गदारोळ झाला, बांधकाम थांबवले गेले. अखेर खिडक्यांना फुलझाडांच्या पेट्या लावायच्या, या तडजोडीवर प्रकरण मिटले.

पण त्या इमारतीचा खालचा भाग पाहिला, तर तिथे ग्रीसहून आणलेला हिरव्या लाटांचा संगमरवर आहे. नक्षी काढायची नाही, पण दगड असा निवडायचा की निसर्गानेच त्यावर नक्षी काढलेली असावी. नक्षी गेली, ऐट राहिली. आणि त्या व्याख्यानात खटकणारी गोष्ट दुसरीच आहे. अंगावर गोंदून घेणाऱ्या पापुआच्या लोकांचे उदाहरण देऊन लूसने नक्षीची हौस मागासलेपणाची खूण ठरवली. आपला चांभार जोड्यावर हौसेने नक्षी काढतो, तर मी ती चालवून घेतो, असेही तो म्हणतो. कारण त्या बिचाऱ्याला दुसरा आनंद कुठे आहे! या उदारपणात एक वरून खाली पाहणारी नजर आहे. आपल्याकडे गोंदलेल्या हातांच्या आज्या घरोघरी होत्या. त्यांच्या हातांकडे पाहिलेल्या माणसाला ही नजर लगेच ओळखू येते. साध्या घराचा उपदेश जेव्हा दुसऱ्याच्या हौसेला अडाणी म्हणतो, तेव्हा तो उपदेश घराचा राहत नाही, पायरीचा होतो.

पण लूसच्याच शहरातून एक वेगळी वाटही निघाली, आणि ती एका बाईने काढली. मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की हे तिचे नाव, जन्म १८९७. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात बेघर लोकांच्या वसाहती उभ्या राहत होत्या, तिथे तिने लूसबरोबरही काम केले. पुढे जर्मनीतल्या फ्रँकफर्ट नगरपालिकेने कामगारांसाठी हजारो घरे बांधायला घेतली. त्या घरांसाठी १९२६ मध्ये तिने एक स्वयंपाकघर आखले. रुंदी १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर. म्हणजे साधारण सहा फूट बाय अकरा फूट. तिच्या डोळ्यांसमोर आगगाडीच्या भोजनाच्या डब्यातले स्वयंपाकघर होते. एवढ्याशा जागेत दोन माणसे शेकडो प्रवाशांना जेवू कशी घालतात? तर प्रत्येक वस्तू हाताच्या अंतरावर असते म्हणून. तिने बाई स्वयंपाक करताना किती पावले टाकते, याचा हिशेब मांडला. तांदूळ, साखर, डाळी यांच्यासाठी अॅल्युमिनियमचे छोटे खण केले, प्रत्येकावर नाव. पिठाचा खण मात्र ओकच्या लाकडाचा, कारण त्या लाकडाने पिठात अळ्या होत नाहीत असे मानत. बैठकीच्या खोलीकडे सरकते दार ठेवले, म्हणजे आईला काम करता करता मुलांवर नजर ठेवता येईल. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे फ्रँकफर्टमध्ये बसवली गेली. आज आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो, त्याची ही आजी.

इथे साधेपणाचे माप बदलले. खोली किती रिकामी दिसते हे माप राहिले नाही. बाईची किती पावले वाचली, हे माप झाले. या स्वयंपाकघरात दोषही होते. ते एका माणसापुरतेच होते, त्यामुळे बाई आत एकटी पडली. मदतीला नवरा आला तरी उभा राहायला जागा नाही. आणि ते आखेपर्यंत आपण स्वतः कधी स्वयंपाक केला नव्हता, हे तिनेच पुढे मोकळेपणाने सांगितले. पण दिशा खरी होती. या बाईचे पुढचे आयुष्यही सांगण्यासारखे आहे. हिटलरच्या राजवटीविरुद्धच्या गुप्त चळवळीत ती सामील झाली, १९४१ मध्ये पकडली गेली आणि युद्ध संपेपर्यंत तुरुंगात राहिली. २००० साली, १०३ व्या वाढदिवसाच्या काही दिवस आधी तिचे निधन झाले.

ज्या काळात फ्रँकफर्टची बाई पावले मोजत होती, त्यानंतर दहा वर्षांनी आपल्या विदर्भात एक झोपडी उभी राहत होती. वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात १९३६ च्या एप्रिलअखेर महात्मा गांधी राहायला आले. पुढे १९४० मध्ये याच गावाचे नाव सेवाग्राम झाले. घर कसे असावे, याबद्दल गांधीजींच्या अटी स्पष्ट होत्या. खर्च शंभर रुपयांच्या आत असावा, आणि सामान व कारागीर जवळपासचेच असावेत. आज आपण जिला बापू कुटी म्हणतो, ती मुळात मीराबेन यांनी स्वतःसाठी बांधून घेतलेली. इंग्लंडच्या एका नौदल अधिकाऱ्याची ही मुलगी. नंतर त्या कुटीत गांधीजी राहू लागले.

सेवाग्रामला मी गेलो आहे. माझ्याप्रमाणे अनेकांनी ती कुटी पाहिली असेल. मातीच्या भिंती, बांबू, वर कौले. जमिनीवर चटई, बसायची गादी, पुढे लिहिण्याचे बुटके मेज, चरखा. काही वस्तू मात्र थांबून पाहाव्या अशा आहेत. एक म्हणजे साप पकडण्याचा चिमटा आणि पिंजरा. शेतात सापांचा सुळसुळाट. मारायचा नाही, तर पकडून लांब नेऊन सोडायला साधन हवे. दुसरी म्हणजे जवळच्याच कार्यालयातला टेलिफोन. देशाच्या राजकारणातल्या इतक्या मोठ्या माणसाशी व्हाइसरॉयला तातडीने बोलता यावे, म्हणून तो बसवला होता. म्हणजे ही कुटी जगापासून तुटलेल्या संन्याशाची नव्हती. जे लागते ते तिथे होते, अगदी टेलिफोनसुद्धा. जे लागत नाही ते नव्हते. आणि केर काढण्यापासून संडास साफ करण्यापर्यंतची कामे आश्रमातल्या माणसांनी स्वतः करायची, हा नियम होता. खोली साधी, आणि तिचा साधेपणा दुसऱ्या कुणाच्या पाठीवर लादलेला नाही, हा प्रयत्न मला इथे पहिल्यांदा स्वच्छ दिसतो.

पण माझी नजर खिळली ती भिंतीवर. तिथे मीराबेननी मातीचे उठाव देऊन चित्रे काढली आहेत. ताडाची झाडे आहेत, चरखा आहे, ओम आहे. कुणी सांगितले होते? त्या भिंतीला त्याची काही गरज नव्हती. शंभर रुपयांच्या हिशेबात ते बसतही नव्हते, कारण त्याला पैसेच पडले नव्हते. लागली ती माती आणि हात. व्हिएन्नाच्या वास्तुकाराने ज्याला गुन्हा म्हटले, ते या देशातल्या सगळ्यांत साध्या घराच्या भिंतीवर निवांत उमटलेले आहे. मला वाटते, नक्षी आणि साधेपणा यांचे वैर नाहीच. वैर आहे ते साधेपणा आणि मिरवणे यांचे. नक्षी मिरवता येते, तशी रिकामी भिंतही मिरवता येते.

आता थोडे आपल्या घराकडे पाहू. आपल्या घरांतल्या वस्तू कुठून कुठून आल्या, हे त्यांची नावेच सांगतात. खुर्ची हा शब्द अरबी. पडदा, गालिचा, दिवाणखाना हे फारसीतून आले. टेबल इंग्रजांनी दिले. सोफा इंग्रजीतून आला खरा, पण त्याचे मूळ पुन्हा अरबीत. या सगळ्यांच्या आधी घरात काय होते? पाट, चौरंग, घडवंची, घोंगडी, चटई. बसायला जमीन होती आणि सामान ठेवायला भिंत होती. जुन्या मातीच्या घराची भिंत दीड-दोन हात जाड. तिच्यात कोनाडे आणि फडताळे कोरलेली, वर फळी, बाहेर आलेल्या खुंट्या. दिवा कोनाड्यात, पगडी खुंटीला, भांडी फळीवर. आमच्या घरी या कोनाड्याला 'ताक' म्हणत; त्यात कुराणशरीफ रेशमी कापडात गुंडाळून ठेवलेले असे. मराठीत ताक म्हणजे घुसळून केलेले. त्यामुळे 'ताकात ठेवलंय' म्हटले की शेजारच्या काकू पोट धरून हसत. त्यांच्या घरी तशाच कोनाड्यात देव होते. नाव वेगळे, पण भिंतीतली जागा तीच.

सिमेंटची घरे आली आणि भिंती पातळ झाल्या. चार-सहा इंचांच्या भिंतीत कोनाडा कुठून निघणार? भिंतीच्या पोटातले सामान बाहेर आले. मग त्याला कपाट हवे, कपाटाला जागा हवी, जागेला पैसे हवेत. आपण फार वस्तू घेऊ लागलो हे खरेच आहे. पण जी घरे आपल्याला मिळाली, त्यांनी वस्तू पोटात घेणे सोडले, हेही तितकेच खरे. नव्या घरात जो पसारा दिसतो, त्याचा सगळा दोष घरच्या बाईवर टाकायचे कारण नाही.

आणि ज्यांना घरच मिळाले नाही, खोली मिळाली, त्यांनी काय केले? मुंबईच्या बीडीडी चाळी पाहा. गेल्या शतकाच्या विशीत सरकारने त्या बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून दोनशे सात इमारती. एका इमारतीत ऐंशी खोल्या, एक खोली एकशे साठ चौरस फुटांची, संडास बाहेर सामाईक. त्या खोलीत आठ-दहा माणसे राहिली, वाढली. कशी? तर सकाळी वळकट्या गुंडाळून ठेवल्या की ती बैठकीची खोली. दुपारी पाने मांडली की जेवणघर. संध्याकाळी दिव्याखाली मुलांची अभ्यासिका. रात्री पुन्हा अंथरुणे, आणि रात्रपाळीहून आलेल्याला सकाळी तीच जागा. जपानी घरातही अंथरूण असेच सकाळी उचलून भिंतीतल्या कपाटात ठेवतात. जगातले लोक त्याला सौंदर्यदृष्टी म्हणतात. आमच्या गिरणी कामगाराच्या बायकोने तेच केले, तर तिला कुणी सौंदर्यदृष्टी म्हटले नाही. ती गरज होती, हे खरे. पण त्या गरजेतही फळीवरची पितळी भांडी ती चिंचेने घासून, लहानमोठ्या क्रमाने लावत होती. ती तिची नक्षी होती. या चाळींचा पुनर्विकास सुरू झाला आणि २०२५ मध्ये वरळीत पहिल्या काही कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. शंभर वर्षे ज्यांना कमीत कमीत राहावे लागले, त्यांनी आता एखादे काचेचे कपाट घेतले, त्यात बाहुल्या मांडल्या, तर त्यांना कमीत कमीचा उपदेश कोणत्या तोंडाने करायचा?

इथेच या विषयाचा गाभा आहे, असे मला वाटते. टाकून देण्यासाठी आधी हाती असावे लागते, आणि पुन्हा मिळेल याची खात्री असावी लागते. ज्याला लागेल तेव्हा दुकानातून आणता येते, तो जुना पलंग काढून टाकू शकतो. ज्याला ती खात्री नाही, तो दोरीचा तुकडासुद्धा गुंडाळून ठेवतो. पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी पिवळे पडलेले कागद, जुने दाखले, शिधापत्रिका, कुणाची तरी पगाराची चिठ्ठी जपणारी माणसे वेडी नसतात. कुठला कागद कधी मागितला जाईल, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते.

म्हणून आपल्याकडे आवरण्याची एक वेगळी रीत होती. वस्तू टाकत नसत, फिरवत असत. जुनी लुगडी, धोतरे यांची गोधडी होई. गोधडी विरली की तिचे पायपुसणे होई. दुपारी दारावर बोहारीण येई. जुने कपडे द्यायचे आणि त्यांच्या बदल्यात स्टीलचे भांडे घ्यायचे. त्या घासाघिशीत अर्धी दुपार जाई, पण घरातून निघालेला सदरा दुसऱ्या कुणाच्या अंगावर चढे. घर हलके होई आणि दुसऱ्याचे घर थोडे भरे. आमच्या घरची आवराआवर अशीच चाले आणि गल्लीतल्या सगळ्यांचीच तशी चाले.

आज जगभर घर आवरण्याचे जे वेड आहे, त्यात मारी कोंडो या जपानी बाईंचे नाव सर्वांत पुढे. त्यांचे पुस्तक २०१०-११ च्या सुमारास जपानमध्ये आले, २०१४ मध्ये इंग्रजीत गेले, २०१९ मध्ये त्यांची मालिका घरोघरी पोचली. वस्तू हाती घ्यायची, मनाला आनंद होतो का ते पाहायचे. होत नसेल तर तिचे आभार मानून निरोप द्यायचा. आभार मानण्याचा भाग मला आवडतो. पण निरोप दिलेली वस्तू जाते कुठे? श्रीमंत देशांतले टाकून दिलेले कपडे जहाजांनी आफ्रिकेच्या आणि आशियाच्या बंदरांत उतरतात. आपल्या हरियाणातल्या पानिपतात त्यांच्या चिंध्यांपासून सूत आणि स्वस्त घोंगड्या करण्याचा मोठा धंदाच उभा आहे. तिकडची खोली रिकामी होते, तेव्हा इकडे कुठेतरी ढीग वाढतो. जपानी घरामागचे कोठार निदान त्याच अंगणात होते. आता ते समुद्रापलीकडे गेले, म्हणून दिसत नाही, एवढाच फरक. आणि याच कोंडोबाईंनी २०२३ च्या सुरुवातीला, तिसऱ्या मुलाच्या जन्मानंतर, आपले घर आता पूर्वीसारखे आवरलेले नसते, आणि ते चालते, असे मोकळेपणाने सांगितले. हे ऐकून मला त्यांच्याविषयी आदरच वाटला. मुले असलेल्या घराने थोडे मांडलेलेच असावे.

मग घर आवरू नये का? जरूर आवरावे. अडगळीत माणसाचा जीव घुसमटतो, हे मलाही मान्य आहे. पण आवरताना तीन गोष्टी विचाराव्यात, असे हा सारा इतिहास मला सांगतो. या मोकळ्या जागेसाठी कुणाचे हात राबणार आहेत? घरातून निघालेली वस्तू कुणाच्या दारी जाणार आहे? आणि सर्वांत आधी, ही वस्तू आहे कुणाची? कारण बहुतेक घरांत आवरायला निघतो तो तरुण मुलगा किंवा सून, आणि सामान असते म्हाताऱ्या माणसांचे. ज्या ट्रंकेला आपण अडगळ म्हणतो, ती कुणाच्या तरी माहेराहून आलेली असते. तिची किल्ली अजून कुणाच्या तरी कमरेला असते.

येत्या दिवाळीला किंवा ईदला घरोघरी साफसफाई निघेल. माळ्यावरचे सामान खाली येईल. तेव्हा त्या म्हाताऱ्या माणसाला हात धरून खुर्चीवर बसवावे, एकेक वस्तू समोर धरावी आणि विचारावे, 'हे कुठलं?' उत्तर यायला वेळ लागेल. काही वस्तू त्या उत्तरानंतर घरात राहतील, काही सुखाने जातील. खोली कदाचित चित्रातल्यासारखी मोकळी होणार नाही. पण जे उरेल, ते का उरले, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असेल.